नाव ठेवायचा हक्क कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चीनमध्ये पोप नव्हता, खलिफा नव्हता, शंकराचार्यांची पीठं नव्हती, आजचं सरकार तर उघड नास्तिक. मग तिथे धर्म आणि राज्य यांची फारकत करायला मुळात होतं काय? आणि कन्फ्यूशियसचा कैवार घेणारे चिनी 'परंपरावादी' म्हणजे आपल्याकडच्या सनातन्यांचे भाऊबंद समजायचे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात होतं: नाही. पंचवीस वर्षं हा विषय शिकवतोय. दरवर्षी वर्गात कुणीतरी फळ्यावर दोन रकाने आखतं, एकीकडे 'पुरोगामी आणि निधर्मी', दुसरीकडे 'परंपरावादी आणि धार्मिक'. तासाभरात माणसं या रकान्यातून त्या रकान्यात पळायला लागतात आणि शेवटी फळा पुसावा लागतो. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

सुरुवात शब्दापासून करू. 'रिलिजन'ला आजच्या चिनीत झोंगज्याओ म्हणतात. अक्षरं जुनी, बौद्ध ग्रंथांतली. 'झोंग' म्हणजे कूळ किंवा परंपरा, 'ज्याओ' म्हणजे शिकवण. पण आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात जपान्यांनी युरोपीय शब्दाला प्रतिशब्द म्हणून ठरवला आणि शतक संपता संपता तो चीनमध्ये आला. त्याच बोटीतून 'मीशिन', म्हणजे अंधश्रद्धा, हाही शब्द उतरला. दोन्ही एकत्र आले हे लक्षात ठेवा. शेजारधर्म, राजधर्म, पुत्रधर्म म्हणणारे आपण इंग्रजांच्या खानेसुमारीत एका रकान्यात कसे बसलो हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं समजायला जड जाणार नाही.

त्याआधीचा चिनी माणूस मयताला बौद्ध भिक्षू बोलवी, घरात भूतबाधा झाली तर ताओपंथी गुरव, पूर्वजांच्या पाट्यांपुढे उदबत्ती लावी आणि शहराच्या रक्षक देवाला नवस बोले. 'तुमचा धर्म कोणता' हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. विचारणारं होतं ते दरबार, आणि तेही वेगळ्या तऱ्हेने. दरबाराकडे अधिकृत पूजांची एक यादी असे. यादीतल्या देवाला सरकारी पूजा. यादीबाहेरचं देऊळ 'गैर' ठरून कधीही पाडलं जाऊ शके. भिक्षूंना दीक्षेचा परवाना सरकार देई. इतकंच काय, देवांना बढतीही मिळे. ग्वान यू हा तिसऱ्या शतकातला सेनापती मेल्यावर आधी सरदार, मग राजा आणि मिंग काळाच्या अखेरीस, सतराव्या शतकात, थेट सम्राट झाला. आपल्याकडे राजे देवाचे सेवक म्हणवत; तिथे सम्राट देवांच्या नेमणुका करी.

तेव्हा फारकत करायला चर्च नव्हतं हे खरं, पण राज्याच्या हातात त्याहून मोठी गोष्ट होती: कुठली श्रद्धा खरी, कुठली गैर हे ठरवण्याचा हक्क. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. चीनच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या या वादात तेवढंही नाही.

आता १८९८. जपानकडून युद्धात हरून तीन वर्षं झाली आहेत, शाळा काढायच्या आहेत, पैसा नाही. झांग झिदोंग नावाचा बडा सुभेदार वूचांगहून एक पुस्तिका लिहितो. हा पक्का राजनिष्ठ. 'पाया चिनी विद्येचा, वापर पाश्चात्त्य विद्येचा' ही घोषणा ज्याच्या नावावर चालते तोच. तो म्हणतो, देशात बौद्ध आणि ताओ मंदिरं हजारोंनी आहेत, दहातली सात शाळांना द्या, जमिनीही त्याच प्रमाणात द्या. म्हणजे देवळांवर पहिला हात टाकायला सांगणारा माणूस त्या काळातला अस्सल परंपरावादी! त्याच उन्हाळ्यात सुधारक कांग योवेई तरुण सम्राटाला तेच सुचवतो आणि १० जुलैला हुकूम निघतो: अधिकृत यादीत नसलेली सगळी लोकदैवतांची देवळं शाळांसाठी घ्या. सप्टेंबरात महाराणी त्सिशीने सुधारणा गुंडाळल्या, पण देवळं घेण्याची कल्पना १९०१ नंतर सरकारनेच पुन्हा उचलली. गावोगाव लोकांनी नव्या शाळा फोडल्या, कारण देऊळही गेलं आणि वर कर बसला.

कांग योवेईचं दुसरं अंग मात्र उलटं होतं. एकीकडे गावची देवळं घ्या म्हणतो आणि दुसरीकडे कन्फ्यूशियसला धर्मसंस्थापक करा म्हणतो: गावोगाव त्याची मंदिरं, नियमित प्रवचनं, येशूऐवजी कन्फ्यूशियसच्या जन्मापासून कालगणना. हे त्याने कुठून घेतलं हे उघड आहे. मिशनऱ्यांकडे बघून त्याला वाटलं, युरोपच्या ताकदीमागे राष्ट्र आणि चर्च अशी जोडी आहे. आपल्याकडे राष्ट्र घडवायचं तर चर्चही घडवलं पाहिजे. त्याचा लाडका शिष्य लियांग छीचाओ त्याला 'कन्फ्यूशियस धर्माचा मार्टिन ल्यूथर' म्हणाला, १९०१ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याच शिष्याने लेख लिहिला की धर्म वाचवणं म्हणजे कन्फ्यूशियसचा मान राखणं नव्हे. तो शिक्षक होता, तत्त्वज्ञ होता, त्याला येशूच्या साच्यात कोंबू नका. गुरू तेव्हा कुठे होता? हद्दपारीत, दार्जिलिंगला. १९०१ ते १९०३ तो तिथे राहिला आणि अवघं जग एक होईल, राष्ट्रं आणि कुटुंबसंस्थाही गळून पडतील अशा भावी युगावरचं लेखन त्याने तिथे बसून केलं. कन्फ्यूशियसच्या नावाने हे स्वप्न पाहणाऱ्याला परंपरावादी म्हणायचं की जहाल, तुम्हीच ठरवा.

इथे एक अवांतर, पण आपल्या घरचं. कांगचा कट्टर विरोधक झांग तायान हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचू घराण्याची सत्ता उलथवायला निघालेला क्रांतिकारक. शांघायच्या तुरुंगात तीन वर्षं काढताना त्याने योगाचार बौद्ध ग्रंथ वाचले आणि १९०६ मध्ये सुटून टोकियोला आल्यावर जाहीर भाषणात सांगितलं की क्रांतीला बौद्ध श्रद्धेचं बळ लागेल, कारण मरणाला न भिणारी माणसं धर्मच घडवतो. १९०७ मध्ये टोकियोतल्या भारतीयांनी शिवाजी महाराजांचा स्मरणोत्सव केला. झांग तायान त्याला गेला आणि त्याचा वृत्तान्त त्याने क्रांतिकारकांच्या 'मिनपाओ' मासिकात छापला. जपानी पुढारी ओकुमा शिगेनोबूने तिथे भारतीयांना इंग्रजांबद्दल सबुरीचा उपदेश केला, त्यावर तो चांगलाच चिडलेला दिसतो. पुण्यात उत्सवाच्या नावाखाली जे चाललं होतं ते त्याला न सांगता कळलं असावं. तर हा क्रांतिकारक, आणि धार्मिक. रकाने इथेच मोडतात.

१९११ मध्ये क्रांती झाली, सम्राट गेला. त्याच्याबरोबर स्वर्गपूजा, देवांची यादी, कन्फ्यूशियस पढून परीक्षेने मिळणारी सरकारी नोकरी (ती परीक्षा १९०५ मध्येच बंद झाली होती) असं सगळं गेलं. नव्या प्रजासत्ताकाचा शिक्षणमंत्री त्साय युआनपेई याने शाळांतून प्राचीन ग्रंथांचं पठण काढलं. पुढे १९१७ मध्ये तो म्हणाला की धर्माची जागा सौंदर्यशिक्षणाने घ्यावी. कन्फ्यूशियस एकदम बेघर झाला. मग कांगचा शिष्य छेन ह्वानझांग पुढे आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कन्फ्यूशियसच्या अर्थविचारावर डॉक्टरेट घेऊन आलेला. त्याने १९१२ मध्ये शांघायला 'कन्फ्यूशियस धर्म संघ' काढला आणि १९१३ मध्ये संसदेकडे अर्ज केला: याला राष्ट्रधर्म करा. अर्जावर सह्या करणाऱ्यांत लियांग छीचाओ होता. होय, तोच, अकरा वर्षांपूर्वीचा लेख लिहिणारा.

ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध सगळे विरोधात एक झाले. संसदेने तोडगा काढला: राष्ट्रधर्म नको, पण 'राष्ट्रीय शिक्षणात चारित्र्यघडणीचा पाया कन्फ्यूशियसच्या मार्गाचा राहील'. १९१४ मध्ये अध्यक्ष युआन शिकाईने बीजिंगच्या स्वर्गमंदिरात जाऊन सम्राटासारखी पूजा केली आणि पुढच्या वर्षी स्वतःलाच सम्राट व्हायचं असल्याचं उघड केलं. १९१७ मध्ये एका सेनापतीने बालसम्राटाला बारा दिवस पुन्हा गादीवर बसवलं, त्यात कांग योवेई सामील होता. या दोन प्रकरणांनी कन्फ्यूशियस धर्माची जितकी बदनामी केली तितकी विरोधकांना जमली नसती.

माझ्या मते या सगळ्या कागदांतला सर्वांत बोलका कागद १९२३ च्या राज्यघटनेचा आहे. खासदारांना लाच देऊन अध्यक्ष झालेल्या माणसाची ती घटना, कुणी गंभीरपणे घेतली नाही. पण तिचं बारावं कलम वाचा. प्रजासत्ताकाच्या नागरिकांना 'कन्फ्यूशियसचा आदर करण्याचं आणि धर्मावर श्रद्धा ठेवण्याचं' स्वातंत्र्य आहे, कायद्याशिवाय त्यावर बंधन नाही. त्यातल्या 'आणि'वर मी वर्गात अर्धा तास घालवतो. कन्फ्यूशियस धर्मात मोडतो असं म्हटलं असतं तर वेगळं लिहायची गरज नव्हती. मोडत नाही म्हटलं असतं तर कलमात जागा नव्हती. दहा वर्षं भांडून संसदेला सापडलं ते हे उभयान्वयी अव्यय.

दरम्यान 'नवयुवक' मासिकाचा संपादक छेन दूश्यू १९१६ पासून लिहीत होता की कन्फ्यूशियसची नीती राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको अशा उतरंडीवर उभी आहे, ती समान नागरिकांच्या प्रजासत्ताकाबरोबर एका घरात नांदू शकत नाही. हा वाद आपल्याला ओळखीचा वाटतो. पण खरी गंमत १९२२ मध्ये झाली.

त्या एप्रिलमध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यालयात जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेची परिषद भरणार होती. शांघायच्या विद्यार्थ्यांनी मार्चमध्ये ख्रिस्तीविरोधी संघ काढला, बघता बघता देशभर पत्रकं निघाली. भाषा जहाल, धर्म म्हणजे भांडवलशाहीचा हस्तक वगैरे. तेव्हा बीजिंग विद्यापीठाच्या पाच प्राध्यापकांनी एक छोटं निवेदन काढलं. त्यांत लेखक लू शुनचा धाकटा भाऊ झोउ झ्वोरेन होता. आम्ही कुठल्याही धर्माचे अनुयायी नाही, कुठल्या धर्माची बाजूही घेत नाही, पण कुठल्याही धर्माला असं आव्हान देऊन विरोध करणं आम्हाला मान्य नाही. श्रद्धेचं स्वातंत्र्य घटनेत आहे, एवढाच आशय. पाचही जण परंपरेवर तुटून पडणाऱ्या नव्या साहित्य चळवळीच्या गोतावळ्यातले. छेन दूश्यू, त्यांचा जुना सहकारी, आता कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख. त्याने उत्तर दिलं: हे स्वातंत्र्य तुम्ही बलवानांच्या पायाशी नजराणा म्हणून ठेवता आहात, विरोध करण्याचं स्वातंत्र्य दुर्बळांना नाही का?

दोघांचं म्हणणं नीट ऐकावं असं आहे. छेनचा मुद्दा पोकळ नव्हता. १८६० च्या तहांनी मिशनऱ्यांना आतल्या भागात जायची मुभा मिळाली ती तोफांच्या जोरावर. त्यांच्या शाळांवर चिनी सरकारचा हुकूम चालत नव्हता. पण झोउ म्हणाला की विचारांवर बहुमताने दडपण आणायची ही पहाट आहे, आज ख्रिस्ती आहेत, उद्या दुसरं कुणी असेल. चीनमध्ये आपल्या अर्थाने धर्मनिरपेक्षतेची, म्हणजे राज्याने आणि झुंडीनेही श्रद्धेत नाक खुपसू नये या विचाराची, इतकी स्वच्छ मांडणी मला दुसरी सापडली नाही. पाच सह्यांची. झोउ पुढे जपानी अमलाखालच्या सरकारात सामील झाला आणि त्याचं नाव कायमचं डागाळलं. म्हणूनही असेल, त्या निवेदनाची आठवण फारसं कुणी काढत नाही.

त्याचा भाऊ लू शुन म्हणजे परंपरेला सर्वांत कडवट शिव्या देणारा लेखक. त्याने १९०८ मध्येच एका अपुऱ्या राहिलेल्या लेखात लिहिलं होतं: ढोंगी पढीक हाकलले पाहिजेत, अंधश्रद्धा राहिली तरी चालेल. शेतकऱ्याची जत्रा मोडणाऱ्या सुधारकापेक्षा त्याला जत्रेतला शेतकरी प्रामाणिक वाटत होता. आपल्याकडच्या सुधारकांनी हे वाक्य वाचलं असतं तर काय म्हणाले असते, असं मला नेहमी वाटतं.

राष्ट्रवादी क्वोमिंतांग सरकारने १९२८ मध्ये पुन्हा यादीच केली, कुठली देवस्थानं ठेवायची आणि कुठली मोडायची याची. ग्वान यू राहिला, कन्फ्यूशियस राहिला. शहराचा रक्षक देव, पाऊस पाडणारा ड्रॅगन राजा, धनाचा देव मोडीत. निकष 'वैज्ञानिक' होता, पण काम दरबाराच्या जुन्या कारकुनाचंच. दोन वर्षांनी च्यांग कायशेक बाप्तिस्मा घेऊन मेथडिस्ट झाला आणि १९३४ मध्ये त्याने कन्फ्यूशियसचे सद्गुण घेऊन 'नवजीवन चळवळ' काढली. ख्रिस्ती राष्ट्रप्रमुख, कन्फ्यूशियसची नीती, वैज्ञानिक यादी. त्याला यात विसंगती दिसली नाही आणि त्याच्या आसपासच्या फारशा कुणाला दिसल्याचं जाणवत नाही.

आता ज्याला सगळे चीनचा खरा परंपरावादी म्हणतात त्या लियांग शूमिंगकडे येऊ. पदवी नसताना १९१७ मध्ये बीजिंग विद्यापीठात आला, विषय कोणता? भारतीय तत्त्वज्ञान. घरात शाकाहारी बौद्ध. १९२१ च्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात तीन वाटा आहेत: पश्चिम पुढे धावते, चीन जुळवून घेतो, भारत मागे वळून संसाराकडेच पाठ फिरवतो. आणि मग हा बौद्ध गृहस्थ चिनी तरुणांना पहिली सूचना काय देतो? भारतीय वृत्ती पूर्णपणे दूर ठेवा, तिला तीळभरही थारा देऊ नका. स्वतःसाठी बुद्ध, देशासाठी कन्फ्यूशियस. आणि कन्फ्यूशियस का? कारण तो धर्म नाही. चीनने धर्माच्या जागी नीती आणली हेच त्याच्या मते चीनचं वेगळेपण. म्हणजे परंपरावादाचा शिरोमणी इथे निधर्मीपणाचं कौतुक करतोय, परंपरेच्याच नावाने. ही त्याची मांडणी नंतरच्या सगळ्यांना पटली नाही. १९५८ मध्ये हाँगकाँगहून निघालेल्या जाहीरनाम्यात चौघा निर्वासित विद्वानांनी कन्फ्यूशियस परंपरेला खोल धार्मिक आशय आहे असं बजावलं.

माणूस मात्र वाकला नाही. सप्टेंबर १९५३ च्या सरकारी बैठकीत त्याने म्हटलं की कामगार नवव्या स्वर्गात आहेत आणि शेतकरी नवव्या पाताळात. माओ खवळला. लियांगने भर सभेत, चूक मान्य करण्याइतकं मोठं मन तुमच्याकडे आहे का बघायचंय, असं ऐकवलं आणि त्याला व्यासपीठावरून उतरवलं गेलं. १९७४ मध्ये 'लिन आणि कन्फ्यूशियस यांच्यावर टीका करा' (लिन म्हणजे माओच्या मर्जीतून उतरलेला दिवंगत सेनापती लिन ब्याओ) मोहिमेत महिने महिने सभा चालल्या. शेवटी विचारलं, आता काय वाटतं? त्याने कन्फ्यूशियसचंच वचन सांगितलं: सैन्याचा सेनापती हिरावता येतो, साध्या माणसाचा निश्चय हिरावता येत नाही. अमेरिकन इतिहासकार गाय अलिटो याने त्याच्यावर 'शेवटचा कन्फ्यूशियन' अशा नावाचं पुस्तक लिहिलं; १९८० मध्ये भेटायला गेला तेव्हा सत्त्याऐंशीच्या घरातल्या लियांगने सांगितलं, मी बौद्ध आहे.

१९४९ नंतरचं, कम्युनिस्ट राजवटीतलं, बहुतेक तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भराभर जातो. पाच धर्म मान्य: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रॉटेस्टंट. प्रत्येकाची सरकारमान्य संघटना. बाकीचं 'सरंजामी अंधश्रद्धा', आणि त्यात काही पंथ गुन्हेगार ठरले. कन्फ्यूशियस कुठेच नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये बीजिंगच्या रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या तरुण अनुयायांच्या टोळ्यांनी, त्याच्या गावी, छुफूला, मूर्ती जाळली, शिलालेख फोडले, घराण्याच्या कबरी उकरल्या. तिथल्या शिलास्तंभांवर आजही सांधे दिसतात. अक्षरांच्या मधोमध सिमेंटची रेघ जाते, वाचताना तिथे बोट अडखळतं.

आणि मग १९७८ च्या अखेरीस रेन जीयू म्हणाला: कन्फ्यूशियसवाद हा धर्मच आहे. रेन जीयू कोण? माओच्या सूचनेवरून १९६४ मध्ये निघालेल्या जागतिक धर्म संस्थेचा प्रमुख, मार्क्सवादी, नास्तिक. सोंग काळापासून (दहावं ते तेरावं शतक) या परंपरेने विचार दडपला, माणसाला अपराधी भावनेत जखडलं, असा त्याचा आरोप. माओच्या तसबिरीपुढे सकाळ-संध्याकाळ उभं राहण्याचे दिवस ताजे होते, त्यामुळे वाचकांना त्याचा रोख वेगळा समजावून सांगावा लागला नाही. गंमत अशी की वाक्य अक्षरशः कांग योवेईचंच. एकाने ते हार म्हणून घातलं, दुसऱ्याने आरोपपत्र म्हणून. ज्याला 'कन्फ्यूशियसवाद धर्म आहे का' या वादातली बाजू ओळखायची असेल त्याने 'हो' की 'नाही' पाहू नये, सन पाहावं.

आज ती चक्रं पुन्हा फिरली आहेत. १९८२ च्या घटनेचं ३६ वं कलम श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, पण राज्य संरक्षण देतं ते 'सामान्य' धार्मिक कृत्यांना. सामान्य काय ते अर्थातच सरकार ठरवतं. २०१८ मध्ये सरकारचा धर्मविभाग पक्षाच्या, पक्षाबाहेरच्या गटांना सांभाळणाऱ्या, संयुक्त आघाडी खात्याच्या पोटात गेला आणि 'धर्मांचं चिनीकरण' हे धोरण उघड राबवलं जातं. ज्यांग छिंग नावाचा विचारवंत (माओच्या बायकोशी गल्लत नको, हा पुरुष, अक्षरंही वेगळी) तीन सभागृहांची कन्फ्यूशियन संसद मागतो, त्यातलं एक विद्वानांचं. २०१० मध्ये छुफूला मोठं चर्च बांधायचं ठरलं तेव्हा कन्फ्यूशियस मानणाऱ्या दहा विद्वानांनी जाहीर विरोध केला. हा सूर ऐकून तुम्हाला आपल्याकडचं काही आठवलं तर मी हरकत घेणार नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला दिलेलं 'नाही' मी तेवढ्यापुरतं सैल करतो. पण सरकार त्यांनाही जवळ करत नाही. जानेवारी २०११ मध्ये तिआनानमेन चौकाच्या कडेला राष्ट्रीय संग्रहालयापुढे कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटर उंच ब्राँझचा पुतळा उभा राहिला, समोर माओची तसबीर. एप्रिलमध्ये एका रात्रीत तो तिथून हलवून आतल्या अंगणात नेला. उभारला तेव्हा वाद झाला, हलवताना मात्र नीट खुलासा नाही.

बीजिंगला गेलात तर लामा मंदिराजवळच्या गल्लीतल्या कन्फ्यूशियस मंदिरात जा. कागदोपत्री ते संग्रहालय आहे, धर्मविभागाशी त्याचा संबंध नाही, तिकीट काढून आत जायचं. मी गेलो तो जूनचा पहिला आठवडा होता, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा दोन दिवसांवर. मुख्य दालनापुढच्या कठड्यांना लाल दोऱ्यांनी बांधलेल्या लाकडी पाट्या इतक्या की कठडा दिसेना. एक आई मुलाचं नाव, परीक्षा क्रमांक आणि हवं ते विद्यापीठ नीट अक्षरात लिहीत होती. मी विचारलं, ताई, हे नवस आहे का? 'छे, छे,' ती म्हणाली, 'आम्ही काही मानत नाही,' आणि पाटी बांधून तीनदा वाकली.